दोन घरांतल्या जुळ्या

मानसशास्त्राच्या प्रत्येक फॉर्ममध्ये शेवटी एक चौकट असते. ‘इतर निरीक्षणे’. जागा दीड ओळीची! बालविकासाच्या एका प्रोजेक्टवर मी चौदा वर्षं असिस्टंट होते, आणि जे काही खरं घडलं ते त्या दीड ओळीत कधीच मावलं नाही. ते सगळं माझ्याकडंच साठलं. आता चार जण चहाला बसले की बाहेर येतं. गोड मानून घ्या असं म्हणणार नाही, कारण ते गोड नाहीच.

*

आमच्या मॅडमना उभ्या आयुष्यात एकच प्रश्न पडलेला. माणूस घडतो तो रक्तानं की संगतीनं? आणि देवानं त्यांच्या पदरात रेणू-मीनू टाकल्या. हुबेहूब जुळ्या. रेणू आईबापाजवळ, दौलताबादच्या पुढं मळ्यात. मीनूला मात्र मूलबाळ नसलेल्या मावशीनं पाळण्यातूनच वाळूजला नेलेलं. मावशीचा नवरा तिथं कंपनीत.

ही जोडी सापडली त्या दिवशी मॅडमनी विभागात पेढे वाटले. “रक्त एक, घरं दोन! असा नमुना शोधून सापडत नाही!”

आमचे ड्रायव्हर रफिकभाई पेढा हातात धरून माझ्याकडं बघत राहिले. “आपा, बच्ची माँ से छूटी, और ये मिठाई बाट रईं?”

मी पेढा खाल्ला. नवीन नोकरी होती.

*

घरी जाऊन निरीक्षण करायचा आमचा नियम कडक. कोपऱ्यात भिंतीसारखं बसायचं, बोलायचं नाही, मदत करायची नाही. घरातलं रोजचं जगणं जसं आहे तसं टिपायचं.

मळ्यात पहिल्यांदा गेले तेव्हा रेणू पाच वर्षांची. आईनं तिला न्हाऊमाखू घातलेलं, अंगात दिवाळीचा फ्रॉक, हातात पुस्तक. पुस्तक उलटं! दोन तास लेकरू जागचं हललं नाही. मी लिहिलं, ‘घरात वाचनास पोषक वातावरण.’

निघताना आई म्हणाली, “ताई, रोज येत जा बरं. तुम्ही आलात की हिला शेण काढाया जावं लागत नाय!”

मला भरून आलं. नियम मोडून मी रेणूला म्हटलं, “पुढच्या वेळी तुला चित्रांचं पुस्तक आणते.”

*

पुस्तक घेतलंही होतं. मॅडमनी गाडीत बसताना ते माझ्या हातातून काढून घेतलं. “वेडी आहेस का? पुस्तक दिलंस की वातावरण बदललं. सगळा डेटा खराब!”

त्या दिवशी संयमाची चाचणी होती. मुलासमोर एक चिक्की ठेवायची. मी परत येईपर्यंत खाल्ली नाही तर दोन मिळतील, असं सांगायचं आणि बाहेर जायचं. वाळूजला मीनू शहाण्यासारखी थांबली होती. तिला दोन मिळाल्या.

रेणूनं माझी पाठ वळायच्या आत चिक्की तोंडात टाकली!

मी विचारलं, “अगं, थांबली असतीस तर अजून एक दिली असती ना?”

“मागल्या टायमाला पुस्तक देते म्हनला व्हता,” ती चावता चावता म्हणाली.

शीटवर त्याला रकाना नव्हता. मी लिहिलं, ‘आत्मसंयम: कमी.’

*

दोघी नऊ वर्षांच्या असतानाचा एक प्रश्न. ‘रस्त्यात कुणाचं पाकीट सापडलं तर काय करशील?’ मीनू म्हणाली, “पोलीसकाकांना देईन.” पूर्ण मार्क.

रेणू म्हणाली, “हातच लावनार नाय. आपलंच नाव येतंय.”

मॅन्युअलप्रमाणं शून्य. परतताना गाडीत मॅडमनी हळहळून मान हलवली, “सामाजिक जाण विकसित नाही.”

रफिकभाई आरशातून बघत म्हणाले, “मॅडम, पास तो येच बच्ची हुई!”

मॅडमनी खिडकीची काच वर केली.

*

आता जे सांगते ते मला सांगवत नाही.

मळ्याजवळची शाळा सातवीपर्यंत. रेणू वर्गात पहिली. पुढं एकट्या पोरीला लांब पाठवायचं नाही म्हणून बाप अडून बसला. मावशी स्वतः म्हणाली, “माझ्याकडं राहू द्या, दोघी मिळून शाळेत जातील.” बाप थोडा नरमला. पण एवढ्या शिकलेल्या बाई घरी येतात, तर त्यांच्या शब्दाबाहेर कसं जायचं? म्हणून आई, बाप आणि मावशी तिघं मिळून आमच्या विभागात आली. रेणू दाराशी उभी, दप्तर घेऊनच आलेली!

“मॅडम, तुम्ही व्हय म्हना, की धाडतो,” बाप म्हणाला.

 दोघी एका घरात आल्या की प्रोजेक्ट संपला, हे त्या खोलीत फक्त त्यांना आणि मला माहीत होतं.

“आहे तसंच राहू द्या,” मॅडम म्हणाल्या. “आईपासून तोडणं पोरीच्या वाढीला बरं नाही.”

मी तिथंच बसले होते, भिंतीसारखी. मला बोलता आलं असतं. बोलले नाही. याची लाज अजून वाटते.

*

पुढं शहरात एक सेमिनार झाला. मॅडमनी पडद्यावर दोघींच्या बुद्धिचाचणीचा आलेख दाखवला. दोन रेघा सातवीपर्यंत गळ्यात गळा घालून चाललेल्या, मग एक वर आणि एक खाली. टाळ्याच टाळ्या!

मागून एका मुलीनं विचारलं, “आठवीच्या सुमाराला नेमकं काय झालं?”

“कौटुंबिक परिस्थिती,” मॅडम म्हणाल्या. आणि मला, “पुढची स्लाइड.”

मी बटण दाबलं.

*

दोघी अठरा वर्षांच्या झाल्या. पुढच्या टप्प्यासाठी संमतिपत्र आता आईबापाचं नाही, त्यांचं स्वतःचं लागणार होतं. एकाच कागदावर दोघींच्या जागा. वाळूजला मीनूनं झोकात इंग्रजीत सही केली. ती इंजिनिअरिंगला आहे.

रेणू दौलताबादच्या किल्ल्याखाली पेरूची पाटी घेऊन बसलेली. गिऱ्हाईक थांबवून तिनं कागद घेतला आणि बोट ठेवून सगळा मोठ्यानं वाचला. कुठं अडखळली नाही. ‘या अभ्यासात सहभागी झाल्याने आपले कोणतेही नुकसान होणार नाही,’ हे वाक्य तिनं दोनदा वाचलं.

मी पेन पुढं केलं. तिनं घेतलं नाही.

“ताई, अंगठा घ्या.”

“अगं, तुला सही येते की!”

“येती की.” तिनं मीनूच्या सहीकडं बघितलं. “पन दोघींत फरक दिसाया पायजे ना तुमाला?”

स्टॅम्पपॅड बॅगेत होतंच. मी काढून दिलं.