मार्थाआत्याची घाई

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी बाळाला पाजत होते. आईने नुसतं "अगं..." म्हटलं आणि मला कळलं. मार्थाआत्या, माझ्या वडिलांची थोरली बहीण, अंबरनाथला मोरिवलीत राहायची. सकाळी चहा घेता घेता गेली. त्याला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, "फार मायाळू होती हो बाई." मायाळू? अहो, महाभांडखोर होती! मेल्यावर तिची संतीण केलेली तिलाच चालली नसती, म्हणून मी खरं तेच लिहिणार आहे.

तिची भांडणं एकाच गोष्टीवरून व्हायची. ओळखीच्या ख्रिस्ती घरात बाळ जन्मलं की पेढा तोंडात टाकायच्या आधी ही विचारणार, "बाप्तिस्मा कधी?" आमच्याकडे याची उत्तरं ठरलेली असतात. काका गल्फहून यायचेत, उल्हासनगरचा हॉल मोकळा नाही, केटरर मिळाला पण डीजे राहिला. बाळ रांगायला लागतं तरी आमची तयारी चालूच! बदलापूरच्या एका बाप्तिस्म्याला तर बाळ स्वतःच्या पायांनी वेदीपर्यंत धावत गेलं. सगळे कौतुकाने हसले. आत्या मोठ्याने म्हणाली, "अजून थोडं थांबायचं होतंत, लग्नही उरकलं असतं त्याच हॉलमध्ये!" त्या घराने तिच्याशी बोलणं टाकलं. तिला काडीचा फरक पडला नाही.

या घाईमागचं कारण मला माझ्या लग्नानंतर कळलं. तिच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो. मी सहज चिडवलं, "आत्या, लोकांच्या बाप्तिस्म्यावरून तुझ्या पोटात का दुखतं गं एवढं?" ती हसली नाही. म्हणाली, "माझा पहिला मुलगा बाप्तिस्म्याविना गेला." तिचा धाकटा दीर बोटीवर नोकरीला होता. बाप्तिस्म्यात बाळाची हमी घेणारा धर्मपिता त्यालाच करायचं, म्हणून तो येईपर्यंत सगळं थांबवलेलं. मध्येच बाळाला ताप चढला आणि बघता बघता त्याने डोळे फिरवले. "अशा वेळी कुणीही पाणी ओतून बाप्तिस्मा देऊ शकतं, हे मला लहानपणापासून पाठ होतं गं. माठ भरलेला होता. मी तांब्या उचललाही. सासूबाई म्हणाल्या, फादरांना आणायला माणूस गेलाय, आपण बायकांनी कसं द्यायचं, थांब. आणि मी थांबले..." फादर आले तोवर सगळं संपलं होतं.

पुढे एका अतिशहाण्या बाईने तिला म्हणे सुनावलं, बाप्तिस्मा नाही तर त्या बाळाला स्वर्ग कुठला? आत्याने तिला दारातूनच वाटेला लावली. मला म्हणाली, "माझं बाळ देवाला ओळखू येत नाही होय? माझ्यापेक्षा बरा सांभाळतो तो त्याला. देवाशी माझं भांडण नाहीच. माझं भांडण आहे ते 'थांब' म्हणणाऱ्यांशी. बाळाला जे द्यायचं ते आजच द्या ना!"

माझी मुलगी झाली तेव्हा माझ्या सासरीही तेच सुरू झालं. धर्मपिता व्हायचा माझा दीर दुबईला, तो येणार नाताळात, म्हणजे बाप्तिस्माही नाताळात. हे कानावर गेल्यावर आत्या तब्येत बरी नसताना बदलापूरला आली. जिने चढून धापा टाकत होती, पाणीसुद्धा नको म्हणाली. माझ्या नवऱ्याला समोर बसवलं. "अनिल, पाणी बाळाच्या डोक्यावर पडायचंय, तुझ्या भावाच्या नाही. त्याच्या वतीने दुसरा कुणी उभा राहील. त्याला फोनवर बघू दे."

अनिल म्हणाला, "हो आत्या, बघतो."

"बघू नकोस. कर!"

तीच आमची शेवटची भेट.

आत्याला माती देऊन आलो आणि आता आईच आडवी आली. "घरात मयत झालंय. निदान वर्ष तरी सरू दे. लोक काय म्हणतील?" माझ्या डोक्यात तिडीक गेली. जी बाई जन्मभर 'थांबू नका' म्हणून घसा कोरडा करत राहिली, तिच्याच मरणाचं निमित्त करून थांबायचं? म्हणू देत लोकांना काय म्हणायचं ते! मी बाळाला उचललं आणि अनिलला विचारलं, "अंबरनाथला आत्याच्या चर्चमध्ये येतोस, की रिक्षाने एकटी जाऊ?" आला मुकाट्याने. फादरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "पहिल्या काही आठवड्यांतच आणावं, असंच चर्च सांगतं. हॉलची अट कुठेच नाही. आणि घरात दुःख आहे म्हणता, मग तर लवकरच आणा. या रविवारी चालेल?"

चालेल? अहो फादर, धावेल!

रविवारी हॉल नव्हता, डीजे नव्हता. माझ्या दिराच्या वतीने अनिलचा मित्र उभा राहिला आणि दीर दुबईहून फोनच्या पडद्यावर डोळे पुसत होता. पाणी पडताच पोरीने असा सूर लावला की अख्खं चर्च वळून बघायला लागलं. आई रुसून मागच्या बाकावर बसली होती. मिस्सेची प्रार्थना संपली, अंगणात चहा-वडे वाटले, पण आई कुठे दिसेना. शोधत चर्चमागच्या कबरस्तानात गेले, तर आत्याच्या अजून कच्च्या असलेल्या मातीपाशी ती उभी. मला वाटलं, रडतेय... जवळ गेले. रडत होतीच, पण कमरेवर हात ठेवून, नणंदेला ठणकावत, "वन्सं, झालं हं तुमच्या मनासारखं! पडलं पोरीच्या डोक्यावर पाणी. आता तरी गप्प झोपा!"