रागावण्याची भाषा

सत्यशीलाबाईंना मी ओळखत होतो, असं म्हणायला जीभ रेटत नाही. काही महिने नातीला, शर्वरीला, त्यांच्या बालवाडीत सोडायचो, दाराबाहेरच्या बाकावर बसायचो, सुटली की घरी आणायचो. बाकावरून जेवढं ऐकू येतं तेवढंच मला ठाऊक.

त्या सोलापूरच्या. वडील यंत्रमागावर कामाला. एका बाजूला तेलुगू घर, दुसऱ्या बाजूला कानडी, मागच्या गल्लीत दखनी बोलणारे. भूक लागेल त्या घरी जेवायचं, त्यामुळे सगळ्या भाषा ताटातूनच आल्या, असं त्या सांगत. लग्नानंतर हडपसरला आल्या आणि घराच्या पुढच्या दोन खोल्यांत पोरं जमवली. गवंड्यांची होती, आयटीवाल्यांचीही होती.

पालकांचा त्यांना तिटकारा होता आणि तो लपवायचे कष्ट त्या घेत नसत. प्रवेश देताना एकच प्रश्न विचारत, "घरात रागावता कोणत्या भाषेत?"

माझा मुलगा अनिरुद्ध म्हणाला, आम्ही घरी फक्त इंग्लिश बोलतो.

"बोलता कोणत्या, ते नाही विचारलं."

अनिरुद्ध नुसता हसला. असं हसायची सवय त्याला ऑफिसात लागली आहे.

आमच्याकडे लाड इंग्रजीत व्हायचे आणि दूध सांडलं की मराठी सुरू. पहिल्या दिवशी बाई "ये बाळा, बस" म्हणाल्या, तर तीन वर्षांच्या शर्वरीने कानांवर हात ठेवले. बाई काय ते समजल्या. त्यानंतर तिला भरवताना, तिचे हात धुताना, मांडीवर घेताना त्या फक्त मराठी बोलत. दटावायचं झालं तर इंग्रजीत, तेही मोडक्या. दिवाळीनंतर एकदा शर्वरी बाकापाशी येऊन मला म्हणाली, "आबा, सरका."

मग मोठ्या शाळेची मुलाखत आली. तीन वर्षांच्या पोरीची मुलाखत घेतात, आणि आईबाप इस्त्रीचे कपडे घालून जातात. तिथल्या मॅडमनी गाल कुरवाळून इंग्रजीत नाव विचारलं. शर्वरीने मराठीत सांगितलं आणि उलट विचारलं, "तुम्ही जेवलात?" प्रवेश नाकारला. त्या बालवाडीवाल्या बाईने पोरीची वाट लावली, असं अनिरुद्ध गाडीत म्हणाला. समोरच्याला जेवलात का विचारणारं मूल वाया गेलं, असं मानणाऱ्यांच्या घरी मी राहतो. सुनेने जाहीर केलं, आजपासून घरात मराठी बंद. रागावणं त्यात धरलेलं नव्हतं, हे उघडच आहे.

बालवाडीतून नाव काढतोय हे सांगायला मला पाठवलं. अनिरुद्धला मीटिंग होती.

बाईंनी ऐकून घेतलं. आता पोरीला पुन्हा मराठी फक्त शिव्याशापांतच ऐकू येणार, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

"तुम्ही दिवसभर घरीच असता ना, आजोबा?"

"असतो."

"मग दुपारचा भात तुम्ही भरवा. बोलत बोलत भरवा."

"मला फारसं बोलता येत नाही, बाई."

"तिला तरी कुठे येतंय. तिची पाण्याची बाटली फळीवर आहे, तेवढी घेऊन जा."

"बरं," मी म्हटलं. "येतो."