नावाखालचं यान

इतवारीच्या बाजारात भांड्यांवर नाव घालून देणारा एक माणूस आहे. प्रत्येक नावाखाली तो, कुणी सांगो न सांगो, चिमुकलं अंतराळयान कोरतो. त्याच्या लाडक्या सिनेमामालिकेतलं. आमच्या देवाच्या तांब्यावरही आहे.

गेल्या वर्षी नवा भाग पाहून आला तो चेहरा पाडूनच. "लहानपणापासून पाहून राहिलो, अन् त्यायनं कॅप्टनले फालतूतच मारून टाकलं गा!" त्यानंतर नावाखाली नुसती रिकामी जागा असायची. मला उगाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

काल सुनेचा डबा नाव घालायला दिला. मशीन घरघरत असताना तो पुटपुटला, "पुढच्या भागात कॅप्टन परत येऊन राहिला म्हणते. बिघडवतीनच पुन्हा."

मी धास्तावत डबा हातात घेतला. नावाखाली यान होतं. यावेळी त्याला खिडकीही होती, आणि खिडकीत कॅप्टन.