जपान्याची शोकसभा

जिवंतपणी ज्याला आखातातलं आमचं मराठी मंडळ ‘जपान्या’ म्हणून हिणवायचं, त्याची शोकसभा त्याच मंडळाने वादी कबीरच्या एका हॉलमध्ये थाटात घेतली. मेलेला माणूस उलट बोलत नाही, ही केवढी सोय!

माझा हा मित्र रुसैलच्या कारखान्यात इंजिनियर होता. कंपनीने त्याला पंपांचं काम शिकायला जपानला पाठवलं. तिथून तो फुलांची मांडणी, कागदाच्या घड्या आणि चहा करण्याची रीतही शिकून आला. दर शुक्रवारी हॉलमध्ये आमच्या मुलांना फुकट शिकवायचा. ‘तो बौद्ध ना, म्हणून जपानचं एवढं वेड,’ असं आमची थोर मंडळी माना डोलवत सांगायची. पंपांनाही धर्म असतो, हे मला तेव्हा कळलं.

शेवटी दवाखान्यात त्याने बायकोला एकच सांगितलं होतं, वर्ग बंद पडू देऊ नकोस. वहिनी सभेला आल्या त्या तेवढ्यासाठीच. भाषणांची त्यांना हौस नव्हती.

भाषणं मात्र झालीच. त्याच्या हातचा हिरवा चहा पिऊन ‘पालक उकळलाय का?’ म्हणून खिदळलेले लोक त्याला ‘सांस्कृतिक सेतू’ म्हणताना गहिवरले. अध्यक्षांनी टेबलावर मूठ आपटली. “हा वर्ग थांबणार नाही, हा माझा शब्द आहे!” टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या!

मागे फ्लेक्स होता. मित्राचा किमोनोतला फोटो, आणि त्याहून मोठा अध्यक्षांचा. मित्राची नजर अध्यक्षांकडे वळावी म्हणून कुणा दीडशहाण्याने त्याचा फोटो आरशातल्यासारखा उलटा केला होता, त्यामुळे किमोनोची उजवी बाजू वर आली होती. जपानात जिवंत माणूस डावी बाजू वर घेतो. उजवी वर असते ती फक्त प्रेताची. वहिनींनी ते पाहिलं आणि त्या चक्क हसल्या.

“बघा भाऊजी, मंडळाला एक तरी गोष्ट बरोबर जमली.”

आजूबाजूच्या बायकांनी डोळे वटारले. मला मात्र त्याची फार आठवण आली.

चहाच्या वेळी मी अध्यक्षांना विचारलं, शुक्रवारी वर्गासाठी हॉल किती वाजता उघडणार?

“अहो, ते स्टेजवर बोलायचं असतं,” समोसा मोडत ते म्हणाले. “शुक्रवारचा स्लॉट झुंबाला दिलाय ऑलरेडी. आणि शिकवणार कोण? तो गेला, सब्जेक्ट खलास.”

वहिनी माझ्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवला.

“माझा नवरा गेलाय, वर्ग नाही. शुक्रवारी चारला, अझैब्याला आमच्या घरी. मी शिकवणार. तुमच्या नातीलाही पाठवा.”

अध्यक्ष ओशाळवाणं हसले. “इन्शाल्ला, वहिनी.”

“इन्शाल्ला नको,” वहिनी म्हणाल्या. “पाठवा.”