पोस्टरवरचा घोडा

त्या शनिवारी दुपारी हॉलमध्ये आम्ही पाच जण होतो. मी, माझा मुलगा, सून, पंधरा वर्षांची नात, आणि सुनेची आई, म्हणजे माझ्या विहीणबाई, पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेल्या. सहावा होता टीव्हीवर, एक म्हातारा हिरो, पण तो काय घरचा नाही. नावं सांगत नाही कुणाची. मी चौथीपण पुरती शिकले नाही, त्यामुळं लिहीत नाही, बोलते. फोन आपला आपण उतरवून घेतो आणि सून चुका काढते.

इथं अमेरिकेत, फ्रिस्को गावात मला काम ते काय? पोळ्या लाटून झाल्या की टॅबलेट घेऊन बसते आणि सिनेमावाल्यांच्या बातम्या बघते. कुणाचं जमलं, कुणाचं फिसकटलं, कोण विमानतळावर कसली चप्पल घालून गेलं, सगळं मला पाठ. वरच्या फोटोत लाल बाण असतो, हिरॉईन रडत असते, हिरो पाठमोरा. आत जावं तर एक बाबा दहा मिनिटं "तर मित्रांनो, तर मित्रांनो" करतो आणि शेवटी कळतं, दोघं नुसते जेवायला गेले होते. नात म्हणते, "आजी, इट्स क्लिकबेट. डोंट वॉच इट ना."

मी म्हणते, "बाई, असली पोस्टरं मी हातानं भिंतीला चिकटवलीत. तू मला काय शिकवती?"

गाण्यांचं तर विचारू नका. आमच्या वेळचं गाणं उचलायचं, खाली ढमढम लावायचं, आणि वर बाई अशी गाती की झोपेतनं उठवून माईक हातात दिलाय. हिरो साठीचा, पँटच्या आत गुडघ्याला पट्टा, आणि नाचतो नातीच्या वयाच्या पोरीबरोबर. पट्टा मला बरोबर कळतो, मलाही आहे. तरी मी बघते. न बघून सांगू कशी, वाईट आहे म्हणून?

तर त्या दुपारी त्या म्हाताऱ्या हिरोची मुलाखत लागली होती. हल्ली सगळे माईकसमोर बसून गरिबी सांगतात. माझा मुलगा या हिरोला बघत नाही. तोंड दिसलं की उठून गॅरेजमध्ये जातो. मला वाटायचं, अमेरिकेत येऊन शहाणा झालाय. पण त्या दिवशी विहीणबाई म्हणाल्या, "बसा हो जावईबापू पाच मिनिटं, किती मनापासून बोलतायत ते." सासूपुढं काय करतो, बसला.

हिरो म्हणाला, मी सुरुवातीला नुसत्या बिस्किटांवर दिवस काढले. विहीणबाईंनी डोळ्याला नॅपकिन लावला.

मला हसूच आलं. "विहीणबाई, रडू नका. हा पडद्यावर घोडे उडवत होता ना, तेव्हा याच्या तोंडाची खळ माझ्या पोरानं खाल्ली."

"म्हणजे?" सून म्हणाली.

मग सांगितलं. पन्नास वर्षांत कुणाला बोलले नव्हते. मुलाला तर नाहीच. त्याला वाईट वाटंल, इंजिनियर झालेला माणूस, लोकांत मान आहे, म्हणून गप्प होते.

नवरा टीबीनं गेला तेव्हा मुलगा पाच वर्षांचा. गावच्या टॉकीजनं मला पोस्टर लावायचं काम दिलं. गुरुवारी मॅनेजर मैदा द्यायचा आणि एका पुडीत मोरचूद. मोरचूद म्हणजे निळं विषच. खळीत टाकलं की शेळ्या कागद खात नाहीत, किडा लागत नाही. शुक्रवारी उजाडताना मी शिडी घेऊन निघायची. पोस्टर चार तुकड्यांत यायचं. मला अक्षर लागत नव्हतं, मी चित्रावरनं जुळवायची.

मी काय करायची, मोरचूद टाकायच्या आधी निम्मा मैदा बाजूला काढायची. गुळाचा खडा टाकून त्याची लापशी. ती शुक्रवारची लापशी. बाकीचे दिवस भाकरी असली तर असायची. उरलेल्या मैद्यात पाणी जास्ती घालून खळ. आता पातळ खळ किती धरणार? एका शुक्रवारी या हिरोचंच पोस्टर होतं. मागं मोठा पांढरा घोडा, पुढचे पाय वर. घोड्याचे पाय एका कागदावर, धड दुसऱ्यावर, जुळवता जुळवता जीव गेला. आणि दुपारपर्यंत हिरोचं अर्धं तोंड खाली लोंबायला लागलं. पुढच्या गुरुवारी मॅनेजरनं मैदा दिला तो मोरचूद मिसळूनच, निळा. एक शब्द बोलला नाही. मी पण नाही. मग शुक्रवार पण गुरुवारसारखाच झाला.

"तर त्या लोंबणाऱ्या तोंडानं मला पकडून दिलं," मी म्हणाले.

विहीणबाईंचा नॅपकिन मांडीवर पडला होता. नात म्हणाली, "वेट, बाबा एट ग्लू?"

मुलानं रिमोट उचलून टीव्ही बंद केला. म्हणाला, "आई, तोंडानं नाही. मी."

"काय मी?"

"मी सांगितलं मॅनेजरला. त्यानं विचारलं, काय रे, आज काय जेवलास? मी म्हणालो, लापशी खाल्ली, आईनं खळीच्या मैद्यातनं काढून केलेली. त्याच्या बदली त्यानं मला आत सोडलं. पुढच्या बाकावर. याच सिनेमाला." त्यानं रिमोट खाली ठेवला. "सात वर्षांचा होतो. दुसऱ्या गुरुवारी तू निळं पीठ घेऊन आलीस ना, तेव्हा कळलं मला. तू चुलीपुढं नुसती बसून होतीस."

माझा पन्नास वर्षं समज की त्याला लापशी कशाची ते माहीत नाही. आणि तो पन्नास वर्षं हिरोचं तोंड दिसलं की गॅरेजमध्ये.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आता काहीतरी मोठं बोलावं असं त्यांना वाटत असणार, मुलाखतीत बोलतात तसं. मला जे विचारायचं होतं ते मी विचारलं.

"सिनेमा कसा होता?"

कारण मी एकही बघितलेला नव्हता. भिंतीला शेकड्यानं लावले, आत कधी गेले नाही.

तो खाली बघून म्हणाला, "मी झोपलो गं. पहिल्याच गाण्याला."

"झोपलास?" मी म्हणाले. "अरे मेल्या, माझी एवढी लापशी घालवली आणि झोपलास? निदान बघायचास तरी!"

खरं सांगते, सांगितल्याचा राग मला आला नाही. सात वर्षांचं पोर, त्याला सिनेमा बघायचा होता. मला पण बघायचा होता. राग आला तो झोपल्याचा. पोट भरलेलं होतं ना लापशीनं, म्हणून झोप लागली मेल्याला. हे मी बोलून दाखवलं, तसा तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याच्या नाकातोंडातनं पाणी. सुनेनं विहीणबाईंचा नॅपकिन त्याला दिला. विहीणबाई म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही मुलाखत द्यायला हवी."

"घोड्याचं काय झालं, तेवढं तरी सांग," मी म्हणाले.

"कसला घोडा?"

"पांढरा! पोस्टरवर केवढा होता!"

"आई, मला घोडा आठवतच नाही."

नातीनं लगेच शोधला. पूर्ण सिनेमा नाही, नुसता मधला तुकडा कुणीतरी टाकलाय, रंग उडालेला. आम्ही मायलेकरं शेजारी बसून बघितला. तो गॅरेजमध्ये गेला नाही. सिनेमा अगदीच बेकार. हिरॉईन दर दोन मिनिटांनी "नहीं" म्हणते आणि हिरो झाडाला टेकून उभा. घोडा नाही. तांगासुद्धा नाही. मग मधेच तुकडा संपला.

नात म्हणते, "आजी, मेबी देअर वॉज नो हॉर्स. क्लिकबेट." असंल. पण मी त्याचे पाय जुळवलेत.

तुमच्यातल्या कुणी तो सिनेमा शेवटपर्यंत बघितला असंल, पोस्टरवर झाडाखाली हिरो आणि मागं पाय वर केलेला पांढरा घोडा, तर त्यात घोडा खरंच होता का, एवढं मला कळवा.