उजव्या हाताने वाजवलेला डावा हात

भालेराव सरांची आणि माझी पहिली भेट म्हणजे माझा चारचौघांत झालेला पाणउतारा. केडगावच्या शाळेत मी नव्याने रुजू झाले होते आणि रविवारी मोठ्या हौसेने चर्चच्या गायनवृंदात जाऊन उभी राहिले. पहिलेच गीत मी सगळ्यांच्या आधी संपवले. सरांनी पेटी थांबवली, चष्म्यावरून पाहिले आणि विचारले, "बाई, यष्टी चुकतीय का तुमची?" सगळे हसले, मी चिडले. उपासना संपल्यावर सर स्वतः जवळ आले. म्हणाले, "मंडळी ओळीच्या शेवटी दम घेते. म्हाताऱ्या माणसांना तो घेऊ द्यावा लागतो. पुढच्या रविवारी या." मी गेले, आणि तेव्हापासून त्यांची शिष्या आहे.

सर बोलायला फटकळ आहेत, हे त्यांच्या या गौरवग्रंथात कोणी लिहिणार नाही म्हणून मीच लिहून टाकते. पण त्यांची माया वेगळ्याच वाटेने येते. माझ्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि वरचे स्वर लागेनासे झाले, तेव्हा मी सरावाला जाणे सोडले होते. सरांनी निरोप पाठवून बोलावून घेतले. गेले तर सगळी गीते खालच्या पट्टीत चाललेली! पुरुष मंडळी कुरकुरत होती, त्यांचा आवाज तळाला टेकत होता. "थंडीचं खालीच गावं," एवढेच सर म्हणाले. तेव्हा वैशाख चालू होता.

अशा माणसाच्या डाव्या अंगावरून अर्धांगवायूचा झटका गेला. पाय काठीच्या आधाराने चालू लागला, हात मात्र मांडीवर पडून राहिला. पेटीचा भाता डाव्या हाताने हलवायचा, त्यामुळे पेटी तर सुटलीच. कीबोर्डवरही एका हाताने सूर निघे, खालची साथ निघत नसे. तिसगावच्या चर्चच्या छोट्या मंडळीत दुसरे कोणी वाजवणारे नाही. सर महिन्यातून दोनदा तिथे जात, ते बंद झाले. आमच्या कमिटीने तोडगा काढला, की मोबाईलवर तयार संगीत मिळते, ते तिसगावला लावावे.

सर त्या बैठकीला काठी टेकत आले. "तयार गाणं कुनासाठी थांबत न्हाई," ते म्हणाले. "तिथल्या आज्या त्याच्या मागं पळतील आन् दोन रविवारात गायचं सोडतील. मी वाजवून देतो."

सगळ्यांच्या नजरा त्यांच्या डाव्या हाताकडे गेल्या. कोणीतरी हळूच विचारले, "सर, पण कसं?"

"ते माझं मी बघतो."

आणि सरांनी ते पाहिले. गायनवृंदाचे आवाज टिपायला त्यांनी पूर्वीच घरी एक ऑडिओ इंटरफेस घेतला होता. माइकचा आवाज संगणकात पोचवणारी ती छोटी डबी. तिच्या पाठीमागे वाद्य संगणकाला जोडायच्या, मिडी म्हणतात त्या दोन गोल खाचा होत्या, तशाच सरांच्या जुन्या कीबोर्डलाही होत्या. "एवढी वर्षं रिकाम्याच हायेत. उगाच ठेवल्या असतील का?" सर म्हणाले. नगरहून दोन वायरी आणल्या आणि आम्ही दोघे जोडायला बसलो. आयुष्यभर चर्चचे स्पीकर जोडलेले आम्ही: लालला लाल, काळ्याला काळे. त्याच शहाणपणाने आउटला आउट आणि इनला इन जोडून मोकळे झालो. संगणक ढिम्म. सरांच्या पत्नी मार्थाकाकूंनी चहा ठेवता ठेवता विचारले, "दोघंबी बोलायला लागले, तर ऐकायचं कुनी?" मुकाट्याने वायरी फिरवल्या. कीबोर्डचे आउट इंटरफेसच्या इनमध्ये गेले आणि पट्टी दाबताच पडद्यावरचा दिवा लुकलुकला.

तरी संगणकातून आवाज नाही. मी वायर खराब ठरवली. सरांनी मात्र माहितीपत्रक भिंग लावून वाचून काढले. या वायरीतून आवाज येतच नाही, कोणती पट्टी कधी, किती जोराने आणि किती वेळ दाबली एवढेच येते. आवाज संगणकातल्या वाद्याने काढायचा. "म्हंजे ही निरोप्या हाय," सर म्हणाले आणि त्यांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिले. मग सावकाश म्हणाले, "बाई, निरोपात हात कुठला ते सांगत न्हाईत ना?"

मी माहितीपत्रक पुन्हा चाळले; हाताचा उल्लेख कुठेच नव्हता.

मग रोजचे काम सुरू झाले. काकूंचे माहेर तिसगाव. त्या माइकपुढे बसून आपल्या आईसारखे, ओढून ओढून गायच्या आणि सर उजव्या हाताने सूर वाजवायचे. काकूंचा आवाज माइकमधून आणि सरांची बोटे मिडीतून, एकाच वेळी संगणकात उतरायची. दाबलेली प्रत्येक पट्टी पडद्यावर रेघ होऊन उमटायची, जितका जोर तितकी गडद. ठोके देणारे यंत्र सरांनी पहिल्याच दिवशी बंद केले. नंतर कानाला हेडफोन लावून, काकूंचे गाणे ऐकत, डाव्या हाताची साथ ते त्याच उजव्या हाताने वाजवायचे. चुकले की पुसायचे, पुन्हा बसायचे. खांदा दुखायचा, काकू रागवायच्या, मीही रागवायचे. "रडायला मला लई येळ हाय. आत्ता वाजवायचा येळ हाय," हे त्यांचे ठरलेले उत्तर.

ईस्टरला आम्ही तिसगावला गेलो. काकूंचा आवाज काढून टाकला होता, फक्त वाजवलेले ठेवले होते. सर शेवटच्या बाकावर बसले. स्पीकरवर गीत सुरू झाले, पहिली ओळ संपली, आज्यांनी दम घेतला आणि गीत थांबले. त्या म्हणू लागल्या तसे पुढे चालले. माझ्या शेजारच्या सगुणाआजींना दिसत नाही. त्यांनी माझा हात धरला. "वाजवनारा आपला दिसतोय. सरांचा हात बरा झाला व्हय?" मी मागे वळून पाहिले. मागून सर म्हणाले, "व्हतोय, आजी. तुमी गा."

मला वाटले होते, सर आजींची समजूत घालताहेत. पण मागच्या आठवड्यात गेले तेव्हा काकूंनी मला संगणकापुढे नेले. सरांनी त्या सकाळी डावा हात उचलून पट्ट्यांवर ठेवला होता आणि करंगळीने जोर लावला होता. आवाज दोघांनाही ऐकू आला नाही. पडद्यावर मात्र एक बारीकशी, फिकट रेघ उमटली होती.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त परमेश्वराजवळ माझे मागणे साधे आहे. सरांना भरपूर आयुष्य दे, अंगात बळ दे, काकूंना त्यांच्याशी भांडायला तितकीच वर्षे दे. आणि ती रेघ रोज थोडी गडद होऊ दे.