तिथे मराठी फक्त मला कळत होतं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही — आणि त्याला मी भाजीवाल्याशी झालेली खडाजंगीही सांगते, म्हणजे बघा. इतकी वर्षं पोटात ठेवलं. आता ठेववत नाही.

आम्ही अमिरातीत अल ऐनला राहायचो तेव्हाची गोष्ट. मंदीनं दुबईत हाहाकार उडाला होता. आमच्या निवांत गावात तिची झळ जरा उशिरा पोचली. सुपरमार्केटच्या फळ्यावर सोफा, पाळणा, ट्रेडमिल विकायच्या चिठ्ठ्या वाढायला लागल्या, इतकंच. बाकी ते आयुष्य काय सुरेख होतं हो! थंडीतल्या शुक्रवारी खजुराच्या बागेतून हिंडायचं, पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसायचं, आणि मेधाच्या हातची वांग्याची भाजी खायची. मेधा आणि श्रीकांत आमच्या खालच्या मजल्यावर. तो बांधकाम कंपनीत इंजिनिअर, ती माझी जिवलग मैत्रीण. शर्टाच्या खिशात टाय खोचून जेवणारा श्रीकांत अजून डोळ्यांसमोर आहे.

मी नोकरी करायची त्या हॉस्पिटलच्या लायब्ररीत रूथ होती. साठीची इंग्लिश बाई, क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाची. त्यांच्यात पुजारी नाही, आरती नाही, प्रवचन नाही — सगळे गोल करून बसतात आणि गप्प राहतात. आतून अगदीच राहवलं नाही तर एखादा उठतो, बोलतो, पुन्हा बसतो. त्यावर कुणी उत्तर देत नाही, वा वा करत नाही. आखातात विखुरलेले असे मूठभर लोक वर्षातून एकदा, थंडीत, रूथच्या घरी जमायचे — कुणी मस्कतहून, कुणी बहारीनहून. त्या वर्षी तिनं मलाही बोलावलं.

मी तेव्हा मराठीत ब्लॉग लिहायची. शारजापासून पुण्यापर्यंत लोक वाचायचे, आणि मला त्या कौतुकाची चटक लागली होती. रूथला विचारलं, ह्यावर लिहू का? ती खूश झाली. म्हणाली, बसण्याबद्दल लिही, जेवणाबद्दल लिही, माणसांबद्दलही लिही. शांततेत कुणी काही बोललं तर ते मात्र तिथंच राहू दे. मी मान डोलावली. किती सोपी अट होती!

मला गाडी चालवता येत नव्हती, नवऱ्याला ड्यूटी होती, मेधा आईच्या आजारपणासाठी पुण्याला गेलेली. म्हणून श्रीकांत मला घेऊन गेला. "वहिनी, मी आपला गाडीतच बसतो," म्हणत होता. रूथनं हाताला धरून आत आणलं.

अंगणात कडुलिंबाच्या सावलीत बसलो. बराच वेळ कुणीच बोललं नाही. मी मनात पोस्टची पहिली ओळ जुळवत होते — खरं तेच सांगते. आणि श्रीकांत उठला. मराठीत बोलला.

मराठीत का? तिथे मराठी फक्त मला कळत होतं, आणि मी तर घरचीच. नोकरी गेली, म्हणाला. तरी रोज टाय लावून निघतो, डोंगराच्या पायथ्याशी गाडी लावतो, डबा तिथंच खातो, संध्याकाळी परत येतो. पुण्याला फोनवर साइटच्या गमती रचून सांगतो. आणखी एक वाक्य बोलला आणि बसला. एक अक्षर न कळता त्या सगळ्यांनी ते ऐकलं. बहारीनच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी तर डोळे पुसले. परतताना वाटेत आम्ही करक, म्हणजे तिकडचा कडक दुधाळ चहा घेतला. तो गुणगुणत होता. कुणाला सांगू नका, असंही म्हणाला नाही — कशाला म्हणेल?

आणि मी काय केलं? लिहिलं. नाव घातलं नाही, 'एक इंजिनिअर' म्हटलं, एवढीच काय ती काळजी. डोंगर ठेवला, डबा ठेवला. त्याचं शेवटचं वाक्य गाळलं, कारण त्यानं लेखाची धार जात होती. आणि खिशात खोचलेला टाय घातला. ते तर तो बोललाही नव्हता! शोभेल म्हणून मी घातलं. 'डोळ्यांत पाणी आलं', 'काय लिहिता हो तुम्ही' — प्रतिक्रिया येत होत्या आणि मी पुन्हा पुन्हा उघडून वाचत होते.

मग मेधाचा फोन आला. "टाय खिशात खोचून जेवणारा अख्ख्या गल्फमध्ये एकच माणूस आहे. खरं सांग."

चुकलं माझं, एवढं म्हणता आलं असतं ना? मी म्हणाले, "अगं, त्यानंच मला लिहायला सांगितलं. तुला तोंडानं सांगायचा धीर होत नव्हता त्याला." इतक्या पटकन सुचलं कसं मला? मेधा म्हणाली, "म्हणजे जगाला सांगितलं, मला नाही. खलास." फोन ठेवला.

श्रीकांतनं ते कधीच नाकारलं नाही. का, ते मला माहीत नाही. एकदा जिन्यात भेटला. "छान लिहिलंत, वहिनी," म्हणाला आणि खाली उतरला. मेधा परत आली, आणि थोड्याच दिवसांत त्यांनी सामान आवरलं नि दोघं पुण्याला गेली. पुढच्या थंडीत रूथचं बोलावणं आलं; मी पाहुणे आहेत म्हणून कळवलं.

संसार मोडला नाही त्यांचा. त्याला दुसरी नोकरी लागली, मुलीचं लग्न झालं. पण पुण्यात आमची भेट झाली, चार माणसं जमली की मेधा म्हणायचीच, "आमच्या ह्यांना बायकोपेक्षा ब्लॉग जवळचा!" सगळे हसायचे. तो ताटाकडे बघून हसायचा. मीही हसायची.

श्रीकांत गेल्या वर्षी गेला. भेटायला गेले तेव्हा मेधानं माझा हात धरला. "सगळं विसरले गं. एवढंच सलतं — तुला सांगितलं, मला का नाही?" तेव्हा तरी बोलायचं! मी तिचा हात थोपटत राहिले.

मेधा माझं सगळं वाचते. हेही वाचेल. श्रीकांतनं मला काहीही लिहायला सांगितलं नव्हतं. मी गाळलेलं वाक्य हे होतं — "मेधा परत आली की तिला समोर बसवून सांगणार आहे. घरात सगळ्यांत आधी तिलाच."